पाहुण्याची बोली

कुणाच्या घरी गेली की शिवकन्या चपला उंबऱ्याबाहेर काढायची आणि त्यांची तोंडं रस्त्याकडं करून ठेवायची. चहा बशीत ओतून प्यायची. बसमध्ये ओढणीचं टोक खिडकीच्या गजाला बांधून झोपायची आणि आपलं गाव आलं की कुणी न उठवता जागी व्हायची. टिपणं लिहायची ती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. वही उघडली की लोक जपून बोलतात, पत्रिका दिसली की "कुणाचं लगीन गं?" म्हणत जवळ सरकतात, असं तिचं म्हणणं. ग्रंथालयात कुणाचा प्रबंध हाती आला तर शेवटची पानं आधी वाचायची, मग पहिली, आणि मधलं सगळं वाचून होईपर्यंत त्या माणसाला 'डॉक्टर' म्हणायची नाही. त्यामुळं विभागातल्या दोघातिघांना ती शेवटपर्यंत नुसतं 'सर' म्हणत राहिली. ज्या घरातून माहिती घेतली, त्या घरच्यांचा एक फोटो काढायची आणि छापून स्वतः नेऊन द्यायची. कितीही दिवसांनी का होईना, द्यायची.

विभागात आता तिच्याबद्दल 'होती' म्हणून बोलतात. हुशार होती. हट्टी होती. शिवकन्या जिवंत आहे. सुधारानीला सुरुवातीला या 'होती'चा राग यायचा. मग एक दिवस तिच्याच तोंडून तो शब्द गेला, आणि ती बोलता बोलता थांबली.

सुधारानी बिदरची. शाळा कन्नड माध्यमात, एम.ए. मराठी साहित्यात. कलबुर्गीबाहेर रिंगरोडला लागून एक खासगी विद्यापीठ उभं राहिलं आहे, तिथं मराठी विभागात ती संशोधक म्हणून दाखल झाली. पहिल्या दिवशी कुठं बसायचं ते तिला कळेना. खिडकीजवळच्या टेबलावरून एका बाईनं आपली पिशवी उचलली आणि म्हणाली, "इथं बस. पंखा इथंच लागतो." ती शिवकन्या. हुमनाबाद भागातल्या निर्ण्याची. वडील बंडेप्पा शेती बघून तुरीचा व्यापार करणारे, आई गुरुबाई. घरात बसवण्णांचा फोटो, दारात तुरीची पोती. सुधारानीपेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी होती. सुधारानी तिला अक्का म्हणू लागली.

शिवकन्याचा विषय होता सीमाभागातल्या दुभाषी घरांची घरची बोली. म्हणजे शाळेत कन्नड, कचेरीत कन्नड, बाजारात सगळंच, पण चुलीपुढं काय? हळ्ळीखेडपासून निर्ण्यापर्यंत गावोगाव तिनं घरं पालथी घातली होती. छापील प्रश्नावली घेऊन जायची. "मी मराठी विभागातनं आले," म्हणायची आणि विचारायची. उत्तर जवळजवळ सगळीकडं एकच आलं. घरात आम्ही मराठीच बोलतो. लिंगायत घरांतसुद्धा. तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिच्या स्वतःच्या घरी तेच होतं.

निष्कर्ष ऐकून तिचे मार्गदर्शक श्रीपतराव सर फार खूश झाले. त्यावर तिचे दोन निबंध छापून आले. विभागातल्या इतर संशोधकांनी आपापल्या लेखांत त्यांचे दाखले दिले, कारण सरांनी तसं सांगितलं होतं. दाखले वाढले की विद्यापीठाचा क्रमांक वर सरकतो. उदगीरच्या एका भाषणातही वक्त्यानं तिचा निष्कर्ष सांगितला. सुधारानीच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण तर त्याच पायावर उभं होतं.

शिवकन्याचा प्रबंध टाइप होऊन तयार झाला. उरली बांधणी, सही आणि तोंडी परीक्षा.

या विद्यापीठात तोंडी परीक्षा जेवणावरून ओळखली जाते. ज्याची परीक्षा, त्याच्या घरचं जेवण, अशी रीत पडली आहे. कुणाचा विषय काय होता ते विचारलं तर विभाग डोकं खाजवतो, पण "ते बिर्याणीवाले" म्हटलं की सगळ्यांना आठवतं. गुरुबाईनं कडक भाकरी थापून वाळवायला सुरुवात केली होती. शेंगापोळीसाठी शेंगा निवडून वेगळ्या ठेवल्या होत्या. बंडेप्पा सरांच्या घरी तुरीचं पोतं टाकून आले होते.

"आपण शेंगापोळीवाले व्हायचं," शिवकन्या सुधारानीला म्हणाली होती. "निदान शाकाहारी म्हणून तरी लक्षात राहू."

त्याच आठवड्यात दोघी हळ्ळीखेडला गेल्या. एका घरचा फोटो द्यायचा राहिला होता. ते घर कमलम्माचं. दारात कुत्रं अंगावर आलं, सुधारानी घाबरून कन्नडात ओरडली, आणि आतून कमलम्मा "बर्री, बर्री" म्हणजे या, या करत बाहेर आली. सुधारानीला तिनं कन्नडातच पाणी विचारलं, ऊन विचारलं, माहेर विचारलं. शिवकन्या मागं बैलगाडीजवळ एका म्हाताऱ्याशी बोलत थांबली होती. सुधारानीनं उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून, कन्नडात विचारलं की तुमच्या घरी बोलतात काय. कमलम्मा म्हणाली, कन्नड. दुसरं काय बोलणार?

शिवकन्या तेवढ्यात दारात आली होती. तिनं ऐकलं.

"कमलम्माक्का," ती मराठीत म्हणाली, "मला तर तुम्ही मराठी म्हणून सांगितलं होतं."

"व्हय, सांगितले की." कमलम्मा क्षणात मराठीवर आली. चेहऱ्यावर अडचण नव्हती. "तू मराठीत विचारलीस. ही कन्नडात विचारायली. घरी आलेल्या माणसाला त्याचं ते द्यावं लागतंय न्हवं?"

"पण खरं काय?"

"दोन्ही खरंच की, बाई. कुणाला खोटं वाटू नये म्हणूनच तसं बोलायचं." तिनं फोटो हातात घेतला, पदरानं पुसला. "माझं नाक कामून असं आलंय गं?"

परतीच्या बसमध्ये शिवकन्यानं ओढणी गजाला बांधली, पण झोपली नाही. हुमनाबाद गेल्यावर एवढंच म्हणाली, "मी सगळ्या घरांना माझीच बोली विचारून आले."

सुधारानीला वाटलं, एका घराचं असेल. शिवकन्यानं तिला बरोबर घेऊन पुढच्या दिवसांत आणखी घरं पाहिली. सुधारानीनं कन्नडात विचारायचं, शिवकन्यानं बाहेर थांबायचं. उत्तरं कन्नडात आली, आणि कन्नड म्हणूनच आली. हीच घरं प्रबंधात मराठी म्हणून मोजलेली होती. कुणी फसवलं नव्हतं. सीमेवर पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर त्याची बोलीही देतात. शिवकन्या याच मातीत वाढली होती. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं तर चाललं असतं, तिच्या यायला हवं होतं.

श्रीपतराव सर वाईट माणूस नव्हते. विद्यार्थ्यांच्या घरच्या लग्नाला जायचे, मयतीलाही जायचे. पण त्यांच्या हाताखाली आठ संशोधक होते आणि मार्चअखेर त्यातले किती होतील, हे वरून रोज विचारलं जात होतं. रँकिंगसाठी जी माहिती भरतात, तीत पीएच.डी. किती झाल्या याचा रकाना असतो. त्या कुणी वाचल्या का, याचा नसतो.

"सर, पुन्हा करावं लागंल," शिवकन्या म्हणाली. सुधारानी बरोबर होती.

"काय पुन्हा?"

"सगळंच. मी प्रश्नच चुकीचा विचारला."

"प्रश्न मराठीत विचारलीस. मराठी विभागानं काय फ्रेंचात विचारायचा?" सर हसले. मग सगळं ऐकल्यावर हसायचे थांबले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ. शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद टाक. सगळेच टाकतात. बाहेरचा परीक्षक तिथपर्यंत येत न्हाई. त्याला परतीची गाडी असती."

"आणि निष्कर्ष?"

"राहू दे हाय तसा. सॉफ्टवेअरनं चार टक्के दाखवलंय. इतका स्वच्छ प्रबंध आपल्याकडं आलेला न्हाई."

"उचललेलं किती, ते चार टक्के हाय सर. खोटं किती, ते त्याला कळत न्हाई."

सरांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "शिवकन्या, तुझी मुदतवाढ संपली. आता वाढ मिळत न्हाई. नोंदणी गेली की कॉलेजात शिकवतीस ते तुझे तास जातील, हे तुला ठाऊक हाय. प्रबंध म्हणजे काय गाभारा न्हाई. दार हाय. आधी आत ये. मग कर तुला काय खरं करायचं ते. तुला कोण अडवणार हाय?"

हे बोलणं सुधारानीला पटलं होतं. तिला आजही त्यात चूक दाखवता येत नाही. आत आलेल्यांपैकी किती जण मग खरं करायला बसले, एवढाच प्रश्न तिच्या मनात येतो, आणि तो तेव्हा आला नव्हता.

शिवकन्यानं परिच्छेद लिहिला. तीन वाक्यांचा होता. माहिती देणाऱ्या कुटुंबांनी संशोधिकेच्या भाषेत उत्तरे दिली. घरची भाषा म्हणून त्यांनी आपली नव्हे, तिची भाषा सांगितली. त्यामुळे या प्रबंधाचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

सरांनी तिसरं वाक्य खोडलं. "बाकी छान उतरलंय," म्हणाले.

बांधणी होऊन प्रती आल्या. काळं कापड, सोनेरी अक्षरं. विभागाचा शिपाई चन्नबसप्पा त्या छातीशी धरून घेऊन आला आणि टेबलावर ठेवताना म्हणाला, "अक्का, माझी शेंगापोळी विसरू नकोस." सुधारानी एकेक प्रत उघडून प्रतिज्ञापत्राचं पान पुढं करत होती. हे संशोधन माझे स्वतःचे असून त्यातील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे. खाली रेघ. रेघेखाली शिवकन्याचं नाव छापलेलं.

शिवकन्यानं ते पान वाचलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"अक्का, कर ना सही," सुधारानी हळूच म्हणाली. "कुणाला कळणार हाय?"

"कमलम्माला."

"ती कशाला वाचायली प्रबंध?"

"ती न्हाई वाचणार. मला तिच्या घरी जायचं असतंय."

"जाऊन तिला सांग की, चूक झाली म्हणून."

"सांगितले." शिवकन्या किंचित हसली. "ती म्हणली, असू दे, डिग्री मिळायली तर मराठीच लिही. पाहुणचार अजून चालूच हाय बघ तिचा."

तिनं पेन पर्समध्ये टाकलं. प्रती एकावर एक रचल्या, कडा जुळवल्या. उद्या करते, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली, सरांच्या पाया पडली आणि सही करणार नाही असं सांगितलं. सरांनी समजावलं, रागावले, शेवटी म्हणाले, "तू एकटी न्हाईस. तुझ्यावर विभागाचा आकडा हाय." ती उभी राहून ऐकत होती.

सुधारानी त्या दिवशी दिवसभर टेबलाशी बसून होती. समोरचं पुस्तक उघडं होतं. असं करता येतं, हेच तिला माहीत नव्हतं.

नोंदणी रद्द झाल्याचा कागद आला. कॉलेजातले तास दुसऱ्याला गेले. खिडकीजवळच्या टेबलाचा अर्धा भाग मोकळा झाला. निबंध मात्र राहिले. शिवकन्यानं नियतकालिकाला ते मागं घ्यावेत म्हणून कळवलं. उत्तर आलं नाही. विद्यापीठानं ते आपल्या माहितीत मोजून टाकले होते, तेव्हा विभागातूनही कुणी हलवू दिले नाहीत. उन्हाळ्यानंतर गेटवर नवा फ्लेक्स लागला. विद्यापीठाचा क्रमांक वर सरकला होता.

निर्ण्याला बंडेप्पांनी ऐकून घेतलं.

"मग सराकडचं पोतं परत मागू का?" त्यांनी विचारलं.

शिवकन्या म्हणाली, मागू नका. वाळलेल्या कडक भाकरी गुरुबाईनं फडक्यात बांधून माळ्यावर ठेवल्या.

त्यानंतर शिवकन्यानं तेच काम पुन्हा सुरू केलं. नोंदणी नाही, मार्गदर्शक नाही, मुदत नाही. या वेळी प्रश्नावली नव्हती. ती घरी जायची आणि काम मागायची. चिंच फोडायची, तूर पाखडायची, शेंगा सोलायची. कान उघडे ठेवायची, तोंड बंद. आधी घर तिच्याशी पाहुण्यासारखं वागायचं, मराठीत. दोनदा, तीनदा चहा विचारायचं. मग केव्हातरी चहा विचारणं बंद व्हायचं. घर तिला विसरायचं. तिथून पुढं ती ऐकायची, आणि बाहेर पडल्यावर पत्रिकेच्या पाठीवर लिहायची. एका घराला एक पत्रिका.

सुधारानी सुटीत तिच्याबरोबर जायची. तिला कळलं की उत्तर कन्नड असंही नव्हतं. कमलम्मा सुनेला कन्नडात बोलायची, नातवाला झोपवायची मराठीत. बैलाला दख्खनीतून शिव्या. दूध उतू गेलं की कन्नड, पैसे मोजताना मराठी. देवापुढं कन्नड, आणि देवावर रागावली की पुन्हा मराठी. प्रश्नावलीत यासाठी जागाच नव्हती.

"आता कुठं प्रबंध होईल हा," शिवकन्या म्हणाली. तोंडावर ऊन होतं, मांडीवर शेंगांची टरफलं. "होणार न्हाई ती गोष्ट वेगळी."

एकेक करत जुनी सगळी घरं झाली. तिचं स्वतःचं तेवढं राहिलं. ते तिनं सोपं म्हणून शेवटी ठेवलं होतं.

एका संध्याकाळी ती न कळवता निर्ण्याला आली. दाराशी पोचली तेव्हा आत आईवडील बोलत होते. पावसाबद्दल, आडतीबद्दल, तिच्याबद्दल. कन्नडात. भरभर, एकमेकांची वाक्यं तोडत, हसत. तिनं दार ढकललं.

"आलीस? चप्पल काढ, पाय धू," गुरुबाई म्हणाली. मराठीत.

"तुम्ही बोला की, बोलायलात तसं," शिवकन्या म्हणाली.

"तेच बोलायलोय की," बंडेप्पा म्हणाले. मराठीत.

तिनं हे सुधारानीला फोनवर सांगितलं. कधीपासून ते तिला आठवेना. तिला मराठी शाळेत घातलं तेव्हापासून असेल, बी.ए.ला गेली तेव्हापासून असेल. लेकीला तिची बोली द्यायची म्हणून घरानं केव्हातरी भाषा बदलली होती, आणि तिला वाटत आलं की घरच मराठी आहे. त्या वाटण्यावर तिनं सगळा प्रबंध विश्वासानं उभा केला होता. ती आठ दिवस निर्ण्यात राहिली. चिंच फोडली, तूर पाखडली. आई दर तासाला विचारायची, चहा ठेवू का गं?

इतर घरं तिला विसरायची. हे घर विसरेना.

पुढं तिला यादगीरकडं एका निवासी शाळेत जागा मिळाली. मुलींना मराठी नाही, समाजशास्त्र शिकवायचं, कन्नडातून. जाण्याआधी तिनं एक पत्रिका सुधारानीच्या हातात दिली. "तू जाऊन बस आमच्या घरी. मी नसताना."

सुधारानी निर्ण्याला गेली. वाटेतच तिनं ठरवलं होतं की आपण आधी बोलायचं नाही. घर काय बोलतं ते बघायचं. तिनं चपला काढल्या, त्यांची तोंडं रस्त्याकडं केली आणि उंबऱ्यावर गप्प उभी राहिली. गुरुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तीही बोलेना. ती पाहुणी बोलण्याची वाट बघत होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. तांब्यातलं पाणी हलत होतं.

शेवटी गुरुबाईला हसू आलं. "तू शिवकन्याची मैत्रीण न्हवं?" ती मराठीत म्हणाली. "सांग, काय बोलू तुझ्याशी?"

मग तिनं शेंगापोळी वाढली. परीक्षेसाठी निवडून ठेवलेल्या शेंगांतल्या उरलेल्या शेंगांची होती, असं म्हणाली. कूट थोडं खवट झालं होतं. सुधारानीनं दोन खाल्ल्या.

रात्री तिनं शिवकन्याला फोन केला आणि जमलं नाही म्हणून सांगितलं.

"राहू दे," शिवकन्या म्हणाली. "संक्रांतीला मीच येऊन करते."

संक्रांतीला शाळेनं सुटी दिली नाही. उगादीच्या पाडव्याला ती आली, एक दिवस राहून गेली. सुधारानीचा प्रबंध टाइप होत आला आहे. दुसऱ्या प्रकरणात शिवकन्याच्या निबंधांचा तो दाखला अजून आहे, आणि श्रीपतराव सर येत्या मार्चची आठवण करून देतात. टेबलाच्या खणात तिनं ती पत्रिका ठेवली आहे. पुढच्या बाजूला निर्ण्यातल्याच कुणाच्या लग्नाचा मुहूर्त. मागं शिवकन्याच्या बारीक अक्षरात, बंडेप्पा, गुरुबाई, मु. निर्णा. त्याखाली 'घरात बाहेरचं कोणी नसताना' एवढं लिहून तिनं दोन टिंबं दिली आहेत. पुढं जागा कोरी आहे.